उ. कुठे आहे?

जगातल्या कुठल्याही देशात कुणाला भीतीपोटी गप्प बसावं लागू नये म्हणून उत्कर्षा दिवसाचे चार तास काम करायची, आणि हे काम आपण करतो ते कुणाला कळू नये म्हणून उरलेले वीस.

काम मात्र खरं होतं. निरनिराळ्या देशांतल्या लहानमोठ्या संस्थांनी मिळून एक आघाडी केली होती. कुठे निवडणुकीत घोळ झाला, कुठे पत्रकाराला उचललं, की ही आघाडी बाकीच्या देशांमधून आरडाओरडा करायची. संयुक्त निवेदनं काढायची, वकिलातींना पत्रं पाठवायची, जिनिव्हाला सगळ्या देशांची सरकारं मानवाधिकारांवर बोलायला बसतात त्या मोठ्या सभागृहात बोलायची. बोलणारे दुसरेच असत. त्यांची भाषणं लिहिण्याचं काम उत्कर्षाकडे होतं, जयपूरमधल्या दुर्गापुऱ्यात, पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात, डायनिंग टेबलाच्या एका कोपऱ्यावर. भाषण नव्वद सेकंदांचं. संस्थांना तिथे तेवढाच वेळ मिळतो, मग माइक बंद होतो. मयूरीच्या पायात शाळेचे बूट चढवायला याहून जास्त वेळ लागायचा.

मयूरी पाच वर्षांची. तिच्या डब्यातली द्राक्षं उत्कर्षा अजून उभी चिरून द्यायची. बाल्कनीला जाळी होती आणि त्या जाळीला आतून आणखी एक जाळी होती. रिक्षात बसण्याआधी ती रिक्षाच्या नंबराचा फोटो काढून नवऱ्याला पाठवायची. मग तो फोटो त्याने बघितला की नाही हे बघत राहायची आणि त्या नादात उतरायचं ठिकाण मागे जायचं.

नवरा प्रबुद्ध रेल्वेत, सिग्नल खात्यात. नागपूरहून बदली होऊन आलेला. त्याला बायकोचं काम माहीत होतं आणि आवडतही होतं.

"परदेशातल्या बाईसाठी तू भाषण लिहितेस, त्यात माझ्या नोकरीला काय होणार आहे?" तो म्हणायचा.

"तुला नाही कळायचं. सरकारी नोकरीत आहेस तू. उद्या कुणी काही काढलं तर? घरमालकांना कळलं तर? शाळेत कळलं तर?"

"आमच्या खात्यात एक नियम आहे," तो शांतपणे सांगायचा. "काहीही बिघडलं, वायर तुटली, उंदरानं कुरतडली, तरी सिग्नल आपोआप लाल होतो. म्हणजे गाडी अडकते, पण ठोकर होत नाही. तुझं तसंच आहे. फक्त आमच्याकडे हिरवा दिवाही असतो."

म्हणून आघाडीच्या कागदांवर तिचं नाव नव्हतं. तिथे ती नुसती 'उ., जयपूर' होती. दिल्लीच्या कार्यालयात वल्लरी नावाची पुण्याची मुलगी तिच्या कामावर देखरेख करायची. तिने एकदा विचारलं होतं, "अगं, नाव द्यायचं नाही ते ठीक, पण मग तुझा धोका किती लिहू? कमी, मध्यम की जास्त?" उत्कर्षाने खूप विचार केला. 'जास्त' म्हणायला लाज वाटली. पण 'कमी' म्हटलं तर कामाचाच अपमान झाल्यासारखं वाटलं. शेवटी ती म्हणाली, "मध्यम."

आता मध्यम धोक्याच्या माणसाने रोज सकाळ-संध्याकाळ 'ठीक आहे' असा निरोप पाठवायचा असा आघाडीत नियम होता. निरोप आला नाही तर काय करायचं याचीही नियमावली होती आणि ती उत्कर्षानेच लिहिली होती. ती लिहिताना तिला जे जे सुचलं ते ते तिने घातलं होतं, आणि या बाबतीत तिला फार सुचायचं. बेपत्ता माणसाला साध्या फोनवर फोन करू नये, तो दुसऱ्याच्या हातात असू शकतो. घरच्यांनाही करू नये, ते अडचणीत येतील. बेपत्ता माणसाने स्वतः 'मी ठीक आहे' म्हटलं तरी लगेच विश्वास ठेवू नये. त्याच्याकडून तसं वदवून घेतलेलं असू शकतं. हे वाचून ब्रसेल्सहून कुणीतरी लिहिलं होतं की इतकं बारकाईचं काम क्वचितच बघायला मिळतं. ते वाक्य उत्कर्षाने बरेच दिवस जपून ठेवलं होतं.

घरात फक्त सासऱ्यांना, गुलाबरावांना, काही माहीत नव्हतं. ते रेल्वेतूनच निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यापासून वर्षातले काही महिने नागपूरला अजनीत आणि काही जयपूरला असायचे. तरुणपणी त्यांनी नामांतराच्या मोर्चात लाठी खाल्ली होती, आणि ती पाठीच्या कोणत्या बाजूला बसली ते घरी येणाऱ्या पाहुण्याला चहाच्या आधी कळायचं. अशा माणसापासून हे लपवायचं कारण ते रागावतील हे नव्हतं. ते खूश होतील हे होतं. बाबांना सांगणं म्हणजे स्टेशनवर अनाउन्समेंट करण्यासारखं होतं. त्यांना सुनेने एवढंच सांगितलं होतं की ती घरी बसून ट्रान्सलेशन करते.

त्या मार्चमध्ये उत्कर्षाच्या डोक्यात एकच नाव होतं: दिलारा. तिच्या देशात निवडणूक होते, पण निकाल आधीच लागलेला असतो. दिलारा शाळेत शिकवायची. एका मतदान केंद्रावर तिने मतांची मोजणी डोळ्यांनी पाहिली आणि जे पाहिलं ते सांगितलं. आता ती तुरुंगात होती. तिला दम्याचा त्रास होता. तिची बहीण महिन्यातून एकदा दम्याच्या पंपांचा डबा घेऊन तुरुंगाच्या दाराशी जायची आणि बहुतेक वेळा तशीच परत पाठवली जायची. गेल्या वर्षी जिनिव्हाच्या सभागृहात कुणीतरी दिलाराचं नाव मोठ्याने घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी डबा आत घेतला गेला. तो साठा आता संपत आला होता. बहिणीने आवाजी निरोपात म्हटलं होतं, "मला भाषण नको, निषेध नको. त्या खोलीत तिचं नाव घ्या, बस." दिलाराला मयूरीच्याच वयाची मुलगी होती. सोमवारचे नव्वद सेकंद दिलारासाठी ठरले होते. मजकूर तयार होता. तिच्या देशाबाहेर पळालेला तिचा एक सहकारी तो तिथे वाचून दाखवणार होता.

आणि शुक्रवारी दुपारी, उत्कर्षा गच्चीवर कपडे वाळत घालत असताना, मयूरीने गेम खेळायला आईचा फोन घेतला.

पोलिसांच्या हाती फोन लागलाच तर त्यांना काही मिळू नये, म्हणून दहा वेळा चुकीचा आकडा टाकला की सगळं पुसून जावं अशी सोय उत्कर्षाने त्यात करून ठेवली होती.

"आई, मैंने बहुत सारे नंबर डाले," मयूरी गच्चीवर येऊन म्हणाली, "मग तो, मतलब, झोपून गेला."

फोन उघडायला ई-मेलचा पासवर्ड हवा होता, आणि ई-मेल उघडायला त्याच फोनवर येणारा आकडा हवा होता. एसएमएसने येणारा आकडा चोरता येतो असं एका शिबिरात ऐकून तिने तो रस्ता स्वतःच बुजवला होता. लॅपटॉपही फोनच्या परवानगीशिवाय उघडेना. बाजारातल्या दुकानदाराने फोन उलटसुलट करून पाहिला. "मैडम, ऐसा लॉक तो चोर भी नहीं लगाते," तो कौतुकाने म्हणाला. "मंडे को देखेंगे."

संध्याकाळचा निरोप चुकला. उत्कर्षाने स्वतःची समजूत घातली: दिलाराचा मजकूर वल्लरीकडे गेलेलाच आहे. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, 'मध्यम' तर लिहिलंय. शनिवारी मयूरीच्या शाळेत फॅन्सी ड्रेस होता आणि मयूरीला मोर व्हायचं होतं. पिसं चिकटवण्यात तो दिवस गेला.

रविवारी सकाळी बाबा हॉलमधून ओरडले.

"अवं उत्कर्षा! इकडे ये. हे पाय, काय आलं आहे ग्रुपवर!"

उत्कर्षा कणीक मळत होती. ती दारात आली. बाबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि, सभेत वाचतात तसं, उभं राहून वाचायला सुरुवात केली.

"'जयपूर येथील मराठीभाषक मानवाधिकार कार्यकर्ती उ. शुक्रवारपासून संपर्काबाहेर आहे. ती एका लहान मुलीची आई आहे. तिच्या सुरक्षिततेबद्दल आम्हाला तीव्र चिंता वाटते. प्रत्येकाने आपल्या ठिकाणाहून विचारावं, उ. कुठे आहे?'"

उ.चे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत होते.

"आपल्या जयपुरात, बाई!" बाबांचा आवाज भरून आला. "मराठी लेकरू! अन आपण इथं नाश्ता करून राहिलो!"

"बाबा, असे फॉरवर्ड खोटेही असतात."

"खोटं? अवं, आपल्या अजनीच्या पंढरीनाथनं पाठवलं आहे. तो गुड मॉर्निंगसुद्धा तपासून पाठवते."

तिला बसायचं होतं, पण बसलं तर सोफ्याला कणीक लागली असती. 'तीव्र चिंता' हा शब्द ओळखीचा होता. नियमावलीच्या शेवटी तिनेच नमुना म्हणून दिलेल्या मजकुरातला तो शब्द होता. वल्लरीने बिचारीने एक अक्षर बदललं नव्हतं.

"मयूरीचा तो पांढरा चार्ट पेपर उरला आहे ना?" बाबा कामालाच लागले. "अन तुझं अक्षर चांगलं आहे. मोठ्ठं लिही. उ. कुठे आहे. मी आंबेडकर सर्कलवर जाऊन बसतो."

"एकटे?"

"मग? माणसं मागून येतात. आधी कोणीतरी बसा लागते."

"ऊन किती आहे, बाबा. बीपीची गोळी घेतलीत का?"

"लाठी खाल्ली तवाही ऊनच होतं."

जगभरातल्या माणसांनी निर्भयपणे रस्त्यावर उतरावं असं तिने कित्येक भाषणांत लिहिलं होतं. एकजण तिच्या हॉलमधून उतरायला निघाला होता आणि तिला त्याची टोपी कुठे ठेवली ते आठवत होतं. तिने हात धुतले, खाली बसली आणि जाड मार्करने लिहिलं: उ. कुठे आहे? खरंच अक्षर चांगलं आलं. मयूरी शेजारी येऊन पोटावर पालथी पडली आणि 'उ'च्या पोटात निळा रंग भरू लागली.

"आजोबा, हे मला येतं," ती म्हणाली. "उ से उल्लू."

"उल्लू नाही बेटा. ती फार धाडसी बाई आहे."

उत्कर्षाने मार्करचं टोपण लावलं.

बाबा आंघोळीला गेले तसा तिने त्यांचा फोन उचलला. मजकूर खाली आणखी होता. तो वाचताना तिचं हसू जिरलं: 'सोमवारी जिनिव्हा येथे आघाडीला मिळालेला वेळ आम्ही आमची सहकारी उ. हिच्यासाठी वापरत आहोत.'

म्हणजे दिलाराचे नव्वद सेकंद गेले. उत्कर्षाच्या फोनला झोप लागली म्हणून एक बाई तिकडे श्वास मोजत बसणार होती.

कुणाचाच नंबर तिला पाठ नव्हता. पण सर्वांत खाली एक होता: 'उ. बद्दल काही माहिती असल्यास.' तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं, कुकरच्या मागे कोपऱ्यात उभी राहिली आणि तो नंबर लावला.

"हॅलो?" वल्लरीचा आवाज, झोप न झालेला.

"वल्लरी, मी उत्कर्षा."

पलीकडचा आवाज एकदम सावध, हळू: "हा नंबर कुणाचा आहे?"

"माझ्या सासऱ्यांचा."

"तुला मोकळेपणाने बोलता येतंय का?"

उत्कर्षाने बाथरूमच्या दिशेने कान दिला. पाण्याचा आवाज थांबला होता. "आत्ता नाही," ती कुजबुजली.

"कुणी ऐकतंय?"

"ऐकू शकतात."

"किती जण आहेत?"

"एकच. पण आवाज फार मोठा आहे गं त्यांचा."

"अरे देवा," वल्लरी म्हणाली. "तू काळजी करू नकोस. चाळीस संस्थांनी सही केलीय. आम्ही तुला सोडवणार."

"मला कुणी धरलंच नाहीये! मयूरीने फोन उघडायचा प्रयत्न केला, तो पुसला गेला, एवढंच झालंय. तुम्ही दिलाराची जागा परत द्या."

"उत्कर्षा," वल्लरीने लहान मुलाशी बोलावं तसं म्हटलं, "तूच लिहिलंयस, बाई. बेपत्ता माणूस 'मी ठीक आहे, माझी काळजी करू नका, दुसऱ्याचं बघा' असं म्हणाला, तर विशेष सावध राहावं."

उत्कर्षाने डोळे मिटले. तिनेच लिहिलं होतं. 'विशेष' खाली रेघही तिचीच होती.

"मग काय करू?"

"तेही तूच लिहिलंयस. समोरासमोर व्हिडिओ कॉल. आघाडीशी संबंध नसलेलं घरातलं मोठं माणूस शेजारी हवं, आणि त्याने ओळख पटवायला हवी. लवकर कर. जिनिव्हाला चित्रफीत आज चारच्या आत जायची आहे."

ती बाहेर आली तर बाबा तयार होते. पांढरा सदरा, गळ्यात निळा दुपट्टा, काखेत गुंडाळलेला चार्ट पेपर, हातात पाण्याची बाटली. इतके ताठ उभे राहिलेले ते तिने सासूबाई गेल्यापासून पाहिले नव्हते.

"येतो बेटा," ते म्हणाले. ती दाराच्या कडीसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, ती उ. सापडली."

"सापडली? कुठं?"

"स्वयंपाकघरात."

बाबांनी तिच्या खांद्यावरून स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग काखेतल्या कागदाकडे.

तिने सगळं एका दमात सांगितलं: ट्रान्सलेशन, दिलारा, फोन, नव्वद सेकंद. सांगताना ते तिला स्वतःलाच इतकं वेडगळ वाटलं की मध्येच ती दोनदा 'खरंच' म्हणाली. बाबा हळूच सोफ्यावर बसले. पाण्याची बाटली मांडीवर ठेवली.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही सगळ्यांना सांगितलं असतं."

"हाव," थोडा वेळ विचार करून ते प्रामाणिकपणे म्हणाले. "सांगतलंच असतं."

आता मोर्चाची गोष्ट येणार, निर्भयतेवर दोन शब्द येणार, हे धरून तिने मान खाली घातली.

"लाठी पडली होती ना मले," बाबा म्हणाले, "तवा म्याही घरी सांगतलं नव्हतं. नोकरी नवीन होती. तुझ्या सासूले सांगतलं, सायकलवरून पडलो. तिनं काही म्हटलं नाही. पाठीले हळद लावली. अन मंग इचारलं, सायकल कोणत्या ठाण्याची होती?"

उत्कर्षाला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडूही, आणि मयूरीने लगेच विचारलं, "आई क्यों रो रही है?"

"रडत नाही," बाबा म्हणाले. "सुटली ती."

व्हिडिओ कॉल बाबांच्या फोनवरून झाला. वल्लरीच्या डोळ्यांखाली काळं होतं. मागे भिंतीवर तिने एक कागद चिकटवला होता आणि त्यावरही 'उ.'च होतं. तो बघून उत्कर्षाला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

"काका, नमस्कार. तुमच्या शेजारी कोण आहेत?"

"जय भीम. ही माझी सून. उत्कर्षा प्रबुद्ध रामटेके."

"त्यांच्यावर कुणाचा दबाव आहे, असं तुम्हाला वाटतं का?"

बाबांनी प्रश्न गांभीर्याने घेतला. "आहे ना," ते म्हणाले. "तिचा सोताचाच. दुसऱ्या कोणाचा तं चालतच नाही तिच्यावर."

वल्लरी तोंडावर हात धरून हसत सुटली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मूर्ख मुली," ती म्हणाली. "दोन दिवस झोपले नाहीये मी." चाळीस संस्थांना आता ती काय लिहिणार होती कोण जाणे. "कौटुंबिक अडचण म्हणू का?"

"जे झालं तेच लिही. मी लिहून देते. आणि दिलाराचं?"

वल्लरीचं हसू गेलं. "तिथेच अडलंय. तिच्या सहकाऱ्याचं नाव आम्ही काल काढून घेतलं. बोलणारी म्हणून तिथे आता तुझी नोंद आहे; पडद्यावर नुसती तुझी रिकामी खुर्ची दाखवणार होतो. माणूस पुन्हा बदलता येत नाही. विषय बदलायला जिनिव्हाचे लोक हरकत घेणार नाहीत, पण बोलणारी तीच हवी, पूर्ण नाव, चेहऱ्यासकट. पडद्यावर नावाची पाटी येते. खुर्चीला 'उ.' चाललं असतं, माणसाला नाही चालत तिथे. एक तर तू बोल, नाहीतर ती जागा रिकामी जाईल."

उत्कर्षा फोन घेऊन बाल्कनीत गेली, दोन जाळ्यांच्या आत. समोरच्या घराच्या टाकीवर एक मोर बसला होता. पूर्ण नाव आणि चेहरा. एकदा गेलं की ते परत घेता येत नाही; त्याला आतून लावायला कडी नसते. तिची भीती अगदीच हवेतली होती असंही नाही. माणसांची नावं कुठून कुठे पोचतात ते तिने कामातच पाहिलं होतं. तिने प्रबुद्धला फोन लावला. तो फुलेरा जंक्शनच्या बाजूला लाइनवर होता, मागे वारा वाजत होता.

तिने सांगितलं.

"तुला काय वाटतं?" शेवटी त्याने विचारलं.

"भीती."

"ती तं रोजचीच आहे. आणखी काही?"

तिने डोळे मिटून बघितलं. आणखी होतं. तुरुंगाच्या दाराशी डबा धरून उभी असलेली एक बाई होती, आणि तिला ती गेलं वर्षभर रोज दिसत होती.

"आहे," ती म्हणाली.

"मग कर. मी सातला येतो."

वल्लरीने मजकूर बाबांच्या फोनवर पाठवला, उत्कर्षाने तो कागदावर उतरवून घेतला आणि चित्रफीत हॉलमध्ये घ्यायची ठरली. भाषणस्वातंत्र्यासाठी घरात संपूर्ण शांतता पाळण्याचा हुकूम निघाला. कुकर बंद, पंखा बंद. बाबा जिन्यात पहाऱ्याला उभे राहिले आणि वर येणाऱ्या भाजीवाल्या भैयाला त्यांनी ओठांवर बोट ठेवून परतवलं. मयूरीला मोराचा पोशाख घालून आतल्या खोलीत बसवलं. अट एकच, मोराने केकाटायचं नाही.

"मी उत्कर्षा रामटेके, जयपूर, भारत," तिने सुरुवात केली.

"आवाज नाही आला!" बाबा जिन्यातून ओरडले.

दुसऱ्या वेळी टाकीवरचा खरा मोर केकाटला आणि आतून मयूरीने, "मी नव्हते, आई!" असं निवेदन दिलं. तिसऱ्या वेळी सगळं नीट झालं, पण शेवटचं वाक्य नव्वद सेकंदांच्या बाहेर गेलं. शेवटच्या वाक्यातच दिलाराचं नाव दुसऱ्यांदा यायचं होतं. उत्कर्षाने मजकूर पुन्हा वाचला. तो तिनेच सेकंद मोजून लिहिला होता. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी लिहिताना बोलणाऱ्याच्या नावाला लागणारा वेळ तिने कधी धरलाच नव्हता, आणि तिचं नाव लांब होतं. काहीतरी कापायला हवं होतं. तिने मजकुरावरून बोट फिरवलं, एका जागी थांबली, आणि 'आम्हाला तीव्र चिंता वाटते' हे वाक्य खोडलं. दिलाराचं नाव दोनदा बसलं.

सोमवारी ती चित्रफीत जिनिव्हाच्या मोठ्या पडद्यावर दाखवली गेली. बाबांच्या फोनवर सगळ्यांनी ती पाहिली. सभागृहात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि एक गृहस्थ कॉफी ढवळत होता. उत्कर्षा स्वतःकडे बघतच नव्हती. मागच्या भिंतीवर मयूरीने लावलेलं मोराचं पीस कसं दिसतंय तेच बघत होती.

मंगळवारी सकाळी घरमालकांनी खालून हाक मारली. आता हे म्हणणार, घर खाली करा. ती उतरली तेव्हा तिच्या डोक्यात सामान बांधून झालं होतं.

"बहनजी, टंकी ओवरफ्लो हो रही है. मोटर बंद कर दिया करो."

दुपारी शाळेतून निरोप आला: मयूरीची नखं कापून पाठवा. जिच्या डोळ्यांत येऊ नये म्हणून तिने दोन वर्षं जिवाचा आटापिटा केला होता, त्या दुनियेला तिच्याकडे बघायला सवडच नव्हती. हे कळून तिला बरं वाटलं आणि, खरं सांगायचं तर, किंचित अपमानही वाटला.

बुधवारी फोन जिवंत झाला आणि दिलाराच्या बहिणीचा आवाजी निरोप आला. ती धापा टाकत बोलत होती, बहुधा तुरुंगाकडून चालत येताना. डबा आत घेतला. मोजून सगळे पंप घेतले. दारावरच्या शिपायाने विचारलं, ती जयपूरची बाई तुमची कोण लागते? "मी म्हटलं, नातेवाईक आहे. चालेल ना?"

उत्कर्षाने तो निरोप तीनदा ऐकला. मग नेहमीच्या सवयीने दाराची कडी बघायला उठली. कडी उघडी होती. दारही उघडं होतं. सोफ्यावर चार्ट पेपर नव्हता आणि खुंटीवर निळा दुपट्टा नव्हता.

खालच्या अंगणातून बाबांचा आवाज येत होता. घरमालक होते, शेजारचे दोघं होते, इस्त्रीवाला होता. चार्ट पेपर उलटा करून त्यावर बाबांनी स्वतःच्या हाताने 'दिलारा' लिहिलं होतं.

"हमारी बहू," बाबा हिंदीत सांगत होते, "दुनिया के सब देशों के सामने खड़ी रही. और पूरे नब्बे मिनट बोली!"

उत्कर्षाचा हात दार लोटायला पुढे गेला. खाली सगळ्यांनी माना वर केल्या होत्या; कुणाला तरी पुढचं ऐकायचं होतं. ती बाहेर आली आणि जिन्याच्या कठड्यावरून वाकली.

"सेकंद, बाबा!" ती ओरडली. "नव्वद सेकंद!"